गोम पाळायची म्हणजे ओल पाळायची

मे महिन्यात नागपुरात गोम कुठे सापडते असं कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून सांगेन: कुलरखाली. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर कुलर ठेवलेला असतो, टाकीतून थेंब थेंब पाणी गळत असतं, खाली शेवाळाचा हिरवट डाग पडलेला असतो आणि त्या डागाच्या कडेला, एखाद्या विटेखाली, ती अंग चोरून पडलेली असते. बाहेर पारा ४५ वर. आसपास ओल म्हणावी अशी जागा तेवढीच. माझी पहिली गोम मला अशीच मिळाली. मी ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घेतली, तेव्हा शेजारच्या काकूंनी कुंपणाच्या भिंतीवरून डोकावून विचारलं, "काऊन वं, हे काय पाळून राहिली तू? चावली म्हंजे?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. चार वर्षं गोमा सांभाळल्यावर माझं मत असं झालंय की चावण्याचा प्रश्न पहिल्या महिन्यातच सुटतो. लांब चिमटा घ्यायचा, हात डब्यात घालायचा नाही, विषय संपला. जो प्रश्न रोज सकाळी उठून नव्याने सोडवावा लागतो तो पाण्याचा. बैलाच्या किंवा घोड्याच्या अंगावर केसांचं जे वाकडं वळण असतं त्यालाही आपण गोम म्हणतो. बाजारात जनावर घेताना जाणती माणसं हात फिरवून ती शोधतात, कारण ती खोड समजली जाते. त्यावरूनच 'यात काहीतरी गोम आहे' असं आपण म्हणतो. तर गोम पाळण्यातली गोम म्हणजे ओल. बाकी सगळं तिच्या मागून येतं.

आधी ओळख

मोठी असली की घोण आणि बारीक असली की गोम, असं आमच्या घरी म्हणायचे. हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे ती कानखजुरा. पावसाळ्यात भिंतीवर दिसणारा, हात लावला की गुंडाळी करून नाण्यासारखा पडून राहणारा 'पैसा' किंवा 'वाणी' हा मात्र वेगळा जीव. त्याच्या अंगाच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, गोमेला प्रत्येक वळ्याला एकच. तो कुजलेला पाला खातो, ही शिकार करते. त्याच्याकडे विष टोचायला काही नाही. हिच्याकडे आहे.

पुस्तकात हिला शतपाद म्हणतात, पण नेमके शंभर पाय हिला जवळजवळ कधीच नसतात. मोठ्या झालेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या विषम संख्येत येतात: १५, २१, २३, आणि मातीत राहणाऱ्या काही सुतासारख्या जातींत तर १९१ पर्यंत. शंभर पाय व्हायला ५० जोड्या लागतील, आणि ५० ही सम संख्या. आपल्याकडे घराभोवती दिसणाऱ्या आणि हौशी लोक पाळतात त्या मोठ्या गोमा बहुतेक स्कोलोपेंड्रा या जातकुळीतल्या. त्यांना साधारण २१ जोड्या, म्हणजे ४२ पाय. यातली स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स ही भारतात सर्रास आढळणारी जात. लिनिअसने १७५८ साली तिचं नाव ठेवलं आणि नावातच 'चावणारी' असं सांगून ठेवलं. दुसरी स्कोलोपेंड्रा हार्डविकी, काळ्या-केशरी पट्ट्यांची. शौकीन तिला 'टायगर सेंटिपीड' म्हणतात. आपल्या शहराला वाघांची राजधानी म्हणवून घ्यायची हौस आहे, म्हणून सांगितलं.

आता गंमत अशी की गोम तोंडाने चावतच नाही. डोक्यामागच्या पहिल्या वळ्याचे दोन पाय बदलून त्यांचे विषाचे आकडे झालेले असतात. ते डोक्याखाली चिमट्यासारखे दुमडलेले असतात आणि त्यांच्या टोकाला भोक असतं. म्हणजे 'गोम चावली' याचा शब्दशः अर्थ गोमेने पायाने टोचलं. शेवटची जोडीही चालायच्या कामाची नाही. ती मागे शिंगांसारखी पसरलेली असते, शिकार धरायला आणि चाचपायला वापरली जाते, आणि पुढच्या मिशांसारखीच दिसते. त्यामुळे डोकं कुठलं आणि शेपूट कुठली हे पटकन कळत नाही. माझा भाचा पाणी ठेवताना अजूनही दर वेळी चुकीच्या टोकापासून सावध राहतो.

'गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही' ही म्हण आपण पैसेवाल्यांसाठी राखून ठेवली आहे. पण ती आधी जीवशास्त्र आहे. संकटात सापडलेली गोम अडकलेला पाय सोडून निघून जाते, जखम चटकन मिटते, आणि पुढच्या कात टाकण्यांमध्ये तिथे नवा पाय येतो. पहिल्या खेपेला तो बाकीच्यांपेक्षा लहान असतो. माझ्याकडच्या एकीचा डावीकडचा एक पाय वर्षभर धाकटा होता.

बूच नसलेली सुरई

टोळ भर उन्हात गवतावर बसू शकतो, गोम का नाही? टोळाच्या अंगावर मेणाचा पातळ लेप असतो, त्यामुळे आतलं पाणी आत राहतं. शिवाय किड्यांच्या बाजूंना श्वास घ्यायची जी भोकं असतात, त्यांना झडपा असतात. गरज नसेल तेव्हा ती मिटून घेता येतात. गोमेकडे या दोन्ही गोष्टींची वानवा. तिचं कातडं चामड्यासारखं दिसतं, पण पाणी अडवायला कच्चं. आणि २१ जोड्या पायांच्या गोमेच्या दोन्ही बाजूंना मिळून श्वासाच्या भोकांच्या ज्या नऊ जोड्या असतात, त्या घट्ट बंद करायची सोयच नाही. ती श्वास घेते तेव्हा वाफ बाहेर, नुसती पडून असते तेव्हाही वाफ बाहेर. बूच नसलेली सुरई समजा.

एवढं एक कळलं की तिच्या साऱ्या सवयी आपोआप उलगडतात. ती दिवसा बाहेर येत नाही, कारण दिवसा हवा कोरडी. ती दगडाखाली पोट आणि पाठ दोन्ही टेकतील अशा फटीत शिरते, कारण तिथली हवा हलत नाही आणि ओल टिकते. मे महिन्यात आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल जसजशी खाली सरकते तसतशी तीही खाली सरकते. आणि मृगाचा पहिला दणका बसला, बिळात पाणी शिरलं, की ती वर येते, मोरीतून, दाराच्या फटीतून. लोकांना वाटतं पावसात गोमा वाढतात. आधीही त्या तिथेच होत्या, फक्त आपल्याला दिसत नव्हत्या.

आता हा जीव नागपुरात घरात ठेवायचा आहे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की पिळून वाळत घातलेली ओढणी चहा होईपर्यंत सुकते. या हवेत उघड्या जाळीच्या झाकणाचा डबा म्हणजे गोमेसाठी तवाच. परदेशी शौकिनांचे सल्ले वाचून लोक जाळीचं झाकण, दिवसातून एकदा फवारा असं करतात. तो फवारा त्यांच्याकडे दिवसभर पुरत असेल, इथे तासाभरात उडतो.

एसीच्या खोलीत ठेवली की झालं, असंही बरेच जण समजतात. उलट आहे. एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणी काढून घेतो. बाहेरच्या नळीतून टपटप गळतं ते हेच पाणी. कुलर हवेत पाणी मिसळून तिला गार करतो. म्हणजे माणसाची चैन गोमेला घातक आणि वाळ्याच्या ताट्यांचा, आवाज करणारा जुना कुलर तिच्या फायद्याचा. फक्त डबा कुलरच्या थेट झोतात ठेवायचा नाही. वाहती हवा ओलसर असली तरी मातीची वरची ओल उडवतेच. मी भिंतीतल्या खालच्या कप्प्यात ठेवते, जमिनीलगत, जिथे खोली सगळ्यात गार असते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. ती कुलरखालची पहिली गोम मी गमावली. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, अमरावतीला लग्न, चार दिवस घर बंद, कुलर बंद. जाताना मी वरून भरपूर पाणी शिंपडलं आणि निर्धास्त झाले. परत आले तेव्हा ती पाण्याच्या कोरड्या वाटीत आडवी पडली होती, वाळलेल्या गवारीच्या शेंगेसारखी कडक. माती वरून खालपर्यंत भुरभुरीत. भाच्याने विचारलं, "मावशी, झोपली का ही?" मला उत्तर द्यायला वेळ लागला.

डबा आणि माती

चूक पाण्यात नव्हती, पाणी कुठे घातलं त्यात होती. ओल वर नको, तळाशी हवी. म्हणून आता माझ्याकडे क्लिपांच्या झाकणाचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे आहेत, तळाशी चार-सहा इंच माती, आणि एका कोपऱ्यात रिकाम्या पेनाची नळी तळापर्यंत खोचलेली. पाणी त्या नळीतून घालते. तळ ओला राहतो, वरचा थर नुसता दमट, आणि नळीपासून दूरचा कोपरा जवळजवळ कोरडा. गोम स्वतः ठरवते कुठे बसायचं. सतत ओल्या कोपऱ्याला चिकटलेली दिसली तर समजायचं डबा कोरडा पडतोय. कोरड्या टोकाला, झाकणाशी घुटमळताना दिसली तर चिखल झालाय. आर्द्रता मोजायचं यंत्रही मी आणलं होतं. ते डब्यातली हवा मोजतं आणि गोम मातीत असते, म्हणून आता ते स्वयंपाकघरात आहे.

माती कुठली? मी अंगणातली काळी माती भरली होती. ओली असताना ती गोमेच्या पायांना गुळासारखी चिकटते, सुकताना आवळून दगड होते, आणि तिने केलेलं बीळ त्या दगडात बुजतं. ते टाकून दिलं. आता नर्सरीतला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यात तिसरा हिस्सा चाळलेली बागेची माती आणि वर वाळलेला पाला. खत किंवा औषध मारलेलं काही नको. ओल बरोबर आहे का हे बघायला यंत्र लागत नाही. मूठभर माती घेऊन दाबायची. लाडू वळला पाहिजे, पण बोटांमधून पाणी गळायला नको.

लपायला मी जुन्या घराचं फुटकं कवेलू, म्हणजे छपरावरचं मातीचं कौल, ठेवते. हे माझ्या सगळ्या उपायांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं. रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं की ते माठासारखं पाणी पितं आणि मग दोन-तीन दिवस हळूहळू सोडतं. शिवाय त्याचा बाक गोमेच्या पाठीला बरोबर बसतो.

झाकणाबद्दल एकच नियम आहे: जिथून डोकं जातं तिथून अख्खी गोम जाते. हवेसाठी भोकं हवीतच, पण गरम सुईने पाडलेली, डोक्यापेक्षा बारीक. गुळगुळीत काच किंवा प्लास्टिकवर तिला चढता येत नाही, पण माशांच्या काचेच्या टाकीच्या कोपऱ्यात जो सिलिकॉनचा पट्टा असतो त्यावरून ती शिडीसारखी वर येते. म्हणून माशांची टाकी नको.

ऋतूप्रमाणे

जून संपला की गणित पालटतं. आता हवाच इतकी दमट की बरणीतल्या पापडालाही बुरशी येते. त्या दिवसांत नळीतून पाणी घालणं मी जवळजवळ थांबवते आणि झाकणाची भोकं वाढवते. कोंदट, साचलेल्या हवेत गोमेच्या पायांच्या सांध्यांवर आणि अंगावर काळपट डाग पडू लागतात. ते वाढत गेले तर ती वाचत नाही. मातीत उड्या मारणारे पांढरे सूक्ष्म जीव दिसले तर घाबरायचं नाही, ते स्प्रिंगटेल, बुरशी खाऊन सफाई करतात. न उडणारे, गोमेच्या सांध्यांना गर्दी करून चिकटलेले ठिपके दिसले तर मात्र ते कोळीवर्गातले माईट्स. माती पूर्ण बदलायची.

हिवाळ्यात रात्री पारा १० च्या आसपास येतो. ती खाणं सोडते आणि खाली जाऊन बसते. बसू द्यावी. दया येऊन डब्याखाली गरम पॅड ठेवू नका. उकडलं की खाली जायचं एवढंच तिला ठाऊक असतं. खालूनच आच दिली तर ती आगीतच खणत जाते, आणि तळाची ओलही उडते.

खाणं आणि कात

खाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आठ-दहा दिवसांतून एक रातकिडा किंवा झुरळ पुरतं. स्वयंपाकघरातलं झुरळ चुकूनही द्यायचं नाही, त्याने कुठलं औषध चाटलंय देव जाणे. गोमेला दिसतं फार कमी, स्कोलोपेंड्राला डोक्याच्या दोन्ही बाजूंना साधे चार-चार डोळे असतात, ते उजेड-अंधार सांगण्यापुरते. शिकार ती मिशांनी शोधते. दोन गोमा एका डब्यात ठेवल्या तर थोड्याच दिवसांत एकच उरते, आणि ती जाड झालेली असते.

कात टाकणं मात्र नवख्यांना हमखास फसवतं. गोम अचानक खाणं बंद करते, रंग फिका, धुरकट होतो, आठवडे दिसेनाशी होते. मग माणूस काळजीपोटी माती उकरतो. ती त्या वेळी डोक्याकडून जुनं कातडं सोलून काढत असते, नवं अंग मेणासारखं मऊ असतं, विषाचे आकडेही अजून कडक झालेले नसतात. अशा वेळी डब्यात सोडलेला रातकिडाच तिला कुरतडू शकतो. जुनी कात ती स्वतःच खाऊन टाकते, म्हणून ती सापडली नाही तरी बिघडत नाही. कातीच्या आगेमागे दोन आठवडे उपास, फक्त पाणी. हे पाळलं की निम्म्या मरणांना आळा बसतो असं माझं निरीक्षण आहे.

आता चावण्याचं

काकूंच्या प्रश्नाला बगल द्यायची नाही. मोठ्या गोमेचा दंश भयंकर दुखतो. सूज, लाली, जळजळ, कधी मुंग्या, कधी काखेत किंवा जांघेत गाठ. निरोगी माणसाच्या जिवावर बेतणं फार दुर्मीळ. प्रतिविष नाही. जखम साबणाने धुवायची, सोसवेल इतक्या गरम पाण्यात (साधारण ४५ अंश, चटका बसेल इतकं नाही) हात काही वेळ धरला की वेदना उतरते. धनुर्वाताच्या सुईचं डॉक्टरांना विचारायचं. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं, चक्कर असं काही दिसलं, किंवा लहान मूल असलं, तर घरगुती काही न करता सरळ दवाखाना. कानात शिरून मेंदूत जाते ही मात्र कथा. मध्ये कानाचा पडदा असतो. कानात काहीही शिरलं तरी काडी घालायची नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं.

हे विष हलकं समजू नका. चीनमधल्या लाल डोक्याच्या एका स्कोलोपेंड्राने आपल्यापेक्षा १५ पट वजनाचा उंदीर अर्ध्या मिनिटात निष्प्रभ केल्याचं २०१८ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. तिच्या विषातला एक घटक हृदय, श्वास आणि मज्जातंतू या सगळ्यांना लागणाऱ्या पेशींच्या दारांवरच घाला घालतो. व्हेनेझुएलातल्या एका गुहेत तर तळहातापेक्षा लांब गोमा छताला लटकून वटवाघळं धरतात. त्यामुळे ज्यांच्या घरात रांगतं मूल आहे, किंवा ज्यांना प्राणी हातात घेऊन फोटो काढायचे आहेत, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये असं मी स्पष्ट सांगते. गोम माणसाळत नाही. चार वर्षांत एकीनेही मला ओळखलेलं नाही.

आणायची कुठून, तर घराजवळची. पेंच, बोर अशा संरक्षित जंगलांतून काहीही उचलून आणणं गुन्हा आहे, मग ते विटेएवढ्या दगडाखालचं का असेना. परदेशातून जिवंत प्राणी आणायला सरकारी परवाना लागतो. कुणी पार्सलने गुपचूप पाठवतो म्हणाला तर त्यातच उत्तर आहे. आणि परदेशी गोम नको झाली म्हणून अंबाझरी तलावाच्या काठावर सोडून येणं हे त्याहून वाईट.

गेल्या जुलैत माझ्या दुसऱ्या गोमेने खाणं सोडलं. मी कात समजले. चार दिवसांनी कवेलू किंचित उचलून बघितलं तर ती पिवळसर अंड्यांच्या घोसाभोवती वेटोळं करून बसली होती. मातीला अंडी लागू नयेत म्हणून अंगावर उचलून धरलेली. या जिवाची ही बाजू फार थोड्यांना माहीत असते. ती आठवडेच्या आठवडे उपाशी राहते, एकेक अंडं तोंडाने चाटून साफ करते, नाहीतर बुरशी लागते. आणि त्रास झाला, डबा हलला, उजेड पडला, तर तीच अंडी खाऊन टाकते. मी डब्यावर काळं फडकं टाकलं, नळीतून चमचाभर पाणी घालत राहिले, दुसरं काही केलं नाही. भाच्याला खोलीत यायला बंदी.

सप्टेंबरच्या आसपास फडकं काढलं तेव्हा पिल्लं आईपासून सुटी होऊ लागली होती. फिकी, तांदळाच्या शेवयांसारखी. एकत्र ठेवली असती तर एकमेकांना संपवली असती, आणि एवढे डबे माझ्याकडे नव्हते. तेवीस मोजली, बाकीची मोजायच्या आत पाल्याखाली गेली. इथलीच जात, इथलीच ओल, म्हणून जिथून आई उचलली होती तिथेच, कुंपणाच्या भिंतीलगत, कुंड्यांखालच्या विटांपाशी सोडली. भिंतीपलीकडच्या काकूंना हे अजून सांगितलेलं नाही.